कंद भाजायला घातले, उकडून निघाले

मार्गशीर्ष लागला की परसातले कणगरीचे वेल वाळतात आणि आमच्याकडे खणाखणी सुरू होते. सुरण, कणगर, एखादं कोनफळ, शेजारून आलेली रताळी, शिवाय बाजारातली घाटावरची गाजरं. दापोलीजवळ आमचं घर आहे, दोन खोल्या पर्यटकांना देतो. माणसं येतात ती माशांसाठी, पण चारांत एक तरी शाकाहारी निघतोच. त्याला रोज वालाची उसळ किती वाढणार? म्हणून मी ओव्हनमध्ये ट्रेभर कंद भाजायला लागले. लिंबू, संत्रं, दालचिनी, मिरी, जायफळ घालून. वास असा सुटायचा की ओटीवरची माणसं उठून आत यायची. ताटात मात्र पडायचं ते पांढरंफटक, वरून ओलं आणि दाताखाली कच्चं.

सासूबाईंनी पहिल्याच वेळी एक फोड बोटांनी दाबून पाहिली. "भाजलंस की उकडलंस गो?" मी म्हटलं, "भाजलंय, आई." त्यांनी फोड ताटाच्या कडेला ठेवली आणि ताक मागितलं.

तीन हिवाळे हेच चाललं होतं. तक्रारी चार. रंग येत नाही, आत टणक राहतं, शेवटी जिभेवर कडवटपणा येतो, आणि सुरण असेल त्या दिवशी घसा खवखवतो. चारांची कारणं चार असतील असं मी धरून चालले होते. शोधत गेल्यावर पहिल्या दोन आणि अर्धी तिसरी एकट्या लिंबावर निघाली. तुमच्याही ट्रेचं असंच होत असेल तर मी गेले त्याच वाटेने जा, तुमचा वेळ वाचेल.

आधी ओव्हनची झडती

पहिला संशय ओव्हनवरच जातो. माझाही गेला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. आमचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, १६०० वॉटचा आहे. संध्याकाळी गावात सगळीकडे दिवे, पंप, टीव्ही एकदम लागतात तेव्हा फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरचा आकडा १८५ पर्यंत उतरलेला दिसतो. यात एक हिशेब लपलेला आहे. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३०च्या जागी १८५ म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने घटलं, पण उष्णता तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त घटते. म्हणजे १६०० वॉटचा ओव्हन हजाराच्या आसपास येतो. बटण २२० अंशांवर असतं, आत तेवढं तापतच नाही, आणि दार दोनदा उघडलंत की उरलंसुरलंही जातं.

तपासायला सोपं आहे. ओव्हन २०० अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापवून घ्या, मग जाळीवर पावाच्या चार स्लाइस चार कोपऱ्यांत ठेवा आणि सात-आठ मिनिटांनी पाहा. स्लाइस पांढऱ्याच असतील तर ओव्हन तापत नाही. एकच कोपरा करपला असेल तर मधे एकदा ट्रे फिरवून लावावा लागेल, एवढंच. माझ्या स्लाइस दुपारी खरपूस झाल्या, संध्याकाळी साडेसातला फिक्या राहिल्या. तेव्हापासून मी कंद दुपारी भाजते आणि जेवणाच्या वेळी नुसते गरम करते.

पण दुपारी भाजूनही रताळी पांढरीच निघाली. म्हणजे ओव्हन अर्धा सुटला.

लिंबू आधी पिळलं की काय होतं

माझी पद्धत होती ती बहुतेक सगळ्यांचीच असते. फोडी करायच्या, त्यावर दोन लिंबं आणि एक संत्रं पिळायचं, मीठ-मसाला चोळायचा, अर्धा तास मुरत ठेवायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. माशाला आपण असंच करतो ना, लिंबू-हळद-मीठ लावून ठेवतो. हात सवयीने तसाच चालतो.

एका दुपारी एकच ट्रे दोन भागांत वाटला. डावीकडे लिंबू लावून मुरवलेली गाजरं आणि रताळी, उजवीकडे तीच गाजरं-रताळी नुसती तेल लावून. फोडी सारख्याच, अंगठ्याच्या पेराएवढ्या. मधे फॉइलची घडी उभी केली. २१० अंश, ३५ मिनिटं. बाहेर काढल्यावर उजवीकडच्या रताळ्यांच्या कडा गुळाच्या काकवीसारख्या तपकिरी होत्या आणि गाजरांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या. डावीकडे ट्रेच्या तळाशी पिवळट पाण्याचा ओघळ, त्यात बसलेल्या फोडी. गाजरात सुरी घातली तर मधे कट्ट आवाज आला. चूल तीच, वेळ तीच.

कारण आपल्याला रोजच्या स्वयंपाकातून माहीत आहे, फक्त ते ओव्हनला लावायचं सुचत नाही. आमटीत आमसूल कधी घालतो आपण? डाळ शिजल्यावर. आधी घातलं तर डाळ शिजता शिजत नाही. बटाट्याच्या रश्श्यात चिंचेचा कोळ लवकर पडला तर फोडी तासभर उकळूनही कडक राहतात. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो, पेक्टिन, तो तापल्यावर सुटतो आणि भाजी मऊ पडते. आंबट पाण्यात तो सुटायला फार वेळ लावतो. गाजर मुळातच चिवट. त्याला अर्धा तास लिंबात बसवलं म्हणजे आपणच त्याला न शिजण्याची तयारी करून दिली.

रंगाचंही तसंच. भाजल्यावर येणारा तपकिरी रंग आणि खमंग वास साखर आणि प्रथिनं एकमेकांशी भिडून येतो, आणि ही गाठ आंबटात रेंगाळते. उलटी खूण पाहायची तर कांदा परतताना चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, कसा झरझर तांबूस होतो. लिंबू म्हणजे त्या सोड्याच्या बरोबर विरुद्ध.

शिवाय रस म्हणजे पाणी. शून्य अंशांचं एक ग्रॅम पाणी उकळीला आणायला १०० कॅलरी लागतात, आणि उकळलेल्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. दोन लिंबं आणि एका संत्र्याचा रस सहज शंभर ग्रॅमच्या वर जातो. आधीच अर्धपोटी चाललेला ओव्हन ते पाणी उडवण्यातच दमतो. आणि फोड ओली आहे तोवर तिचं अंग १०० अंशांच्या वर जात नाही. रंग धरायला १४०च्या पुढे जावं लागतं.

तर लिंबू शेवटी. ट्रे बाहेर आल्यावर, फोडी वाफाळत असताना पिळायचं. गरम फोड रस ओढून घेते, वास नाकाला ताजा लागतो आणि लिंबूही निम्मंच लागतं.

जाता जाता एक. ट्रे अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर लिंबू ट्रेमध्ये पिळू नका. आंबटाने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, फोडींना धातूची चव येते आणि ट्रेवर राखाडी डाग राहतात. फॉइलचंही तेच. परातीत किंवा काचेच्या भांड्यात काढून घ्या आणि मग पिळा.

सुरणाचा नियम वेगळा

आता जे वर सांगितलं ते सुरणाला लावलंत तर पस्तावाल. मी लावलं होतं. लिंबू शेवटी, म्हणून सुरणही कोरडा, नुसतं तेल लावून भाजला. रंग काय सुरेख आला! आणि जेवताना ठाण्याहून आलेले एक आजोबा तीनदा खाकरले, मग त्यांनी हळूच पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, अळूत असतात तेच. ते घशात टोचतात. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेने त्यांचं काही बिघडत नाही. आपल्या आज्या सुरण चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडून घ्यायच्या तो उगीच नाही. म्हणून सुरण ट्रेमध्ये जाण्याआधी आंबट पाण्यातून गेलाच पाहिजे. अर्धा किलो सुरणाला पाचसहा आमसुलं आणि चमचाभर मीठ घातलेल्या पाण्यात आठदहा मिनिटं उकळा, पाणी फेकून द्या. चिरताना हाताला तेल लावा.

आणि इथे तोच आंबटपणा कामाला येतो. साध्या पाण्यात उकडलेला सुरण ट्रेमध्ये हलवला की फुटतो, त्याचा भुगा होतो. आमसुलाच्या पाण्यातला सुरण कडा राखून राहतो. गाजराला जे नडलं त्यानेच सुरण सावरला, हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली. आमसुलाने फोडींना थोडी तांबूस झाक येते, ती छान दिसते.

उकडल्यावर मात्र सुरण नीट कोरडा करायचा. कोरडा म्हणजे चाळणीत दोन मिनिटं निथळलेला नव्हे. सुती पंचावर एकेक फोड पसरून पंख्याखाली अर्धा तास. आपल्याकडची हवा मुळातच दमट, हिवाळ्यातही सकाळी कपडे गार लागतात, त्यामुळे घाटावरच्या पाककृतीत 'दहा मिनिटं वाळवा' असेल तिथे तुम्ही तीस धरा. फोडीवर बोट फिरवलं की ती पिठूळ, जराशी खरखरीत लागली पाहिजे. ओलसर चकाकत असेल तर अजून थांबा.

करांद्यांबद्दलही सांगते, कारण दोनदा विचारणा झाली आहे. करांदे मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडूनच खायचे, ते या ट्रेमध्ये आणू नका. रानातले कडू असतील तर मुळीच नाही.

कडवटपणा

हा शोधायला मला सगळ्यात वेळ लागला, कारण तो कधी यायचा, कधी नाही.

मी संत्र्याच्या आणि लिंबाच्या सालीसकट चकत्या सुरुवातीपासून ट्रेमध्ये घालत असे. दिसायला देखण्या. पण सालीच्या आतलं पांढरं आणि बिया या दोन्हींत कडूपणा असतो, आणि पाऊण तास तापल्यावर तो तेलात उतरून सगळ्या फोडींना लागतो. कागदी लिंबाची साल पातळ म्हणून त्याचं कमी, ईडलिंबाचं पांढरं बोटभर जाड म्हणून त्याचं जास्त. ज्या आठवड्यात शेजारच्या आत्या ईडलिंबं द्यायच्या त्या आठवड्यात कंद कडू व्हायचे. हे लक्षात यायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

मोसंबीची गोष्ट याहून फसवी. मोसंबीचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि तासाभराने कडू होतो, हे रसवंतीवाल्याला विचारा, तो रस काढून ठेवतच नाही. फळ पिळलं की त्यातला मूळचा बिनकडू घटक आंबटात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. तापवलं तर आणखी लवकर. म्हणजे मी सकाळी मोसंबीचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि दुपारी कंदांवर ओतायचे, तो कडूपणा मी स्वतःच साठवत होते. मोसंबी या कामाला नकोच. नागपूरची संत्री घ्या, आंबिया बहाराची संत्री ऐन कंदांच्या दिवसांत बाजारात असतात.

सालीचा वास हवा असेल, आणि तो हवाच, तर फळ धुऊन पुसून बारीक किसणीवर साल फक्त वरवर किसा. पिवळा किंवा केशरी थर निघाला की थांबा, पांढरं दिसायला लागलं की पुढे गेलात. हा कीस चमचाभर कोमट तेलात कालवून ठेवा आणि शेवटी लिंबाबरोबर फोडींना लावा. वास सालीतल्या तेलात असतो. ते पाऊण तास ओव्हनमध्ये ठेवलं तर घर घमघमतं आणि ताट कोरडं राहतं. ओटीवरची माणसं आत यायची ती त्या उडून जाणाऱ्या वासामुळेच.

चकत्या दिसायला हव्याच असतील तर पातळ कापा, बिया काढा आणि शेवटची आठ मिनिटं ठेवा.

उरलेला अर्धा कडवटपणा मसाल्याचा होता. दळलेली दालचिनी आणि मिरी २०० अंशांत चाळीस मिनिटं राहिली की जळते, जळका मसाला आणि कडू साल जिभेला वेगळी ओळखू येत नाहीत. खडा मसाला चालतो. दोन बोटं दालचिनी, तीनचार लवंगा आणि आठदहा मिरी ठेचून तेलात घाला, तेल मंद आचेवर वास सुटेपर्यंत तापवा, गाळा आणि तेच तेल फोडींना लावा. पूड घालायचीच तर शेवटची दहा मिनिटं. जायफळ तर कधीच भाजू नका, ते ट्रे बाहेर आल्यावर वरून किसायचं, चिमटीभर.

दालचिनी घेताना साल पाहा. जाड, लाकडासारखी, एकाच पदराची निघाली तर ती उग्र असते, निम्मी घाला. पातळ पदरांची, बोटाने चुरडणारी मिळाली तर छान. आमच्या बाजूला नारळी-पोफळीच्या बागांत जायफळ, मिरी, दालचिनी आंतरपीक म्हणून घेतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही दालचिनीची आणि 'कोकण सुगंधा' ही जायफळाची जात काढली आहे. तेव्हा मसाल्यासाठी लांब जायची गरज नाही.

बाकीचं थोडक्यात

ट्रे गच्च भरू नका. दोन फोडींमध्ये बोट जाईल एवढी जागा हवी, नाहीतर एकीची वाफ दुसरीला लागते. पोपटीत, म्हणजे शेतात मडक्यात शेंगा-बटाटे शिजवतात त्यात, आपल्याला तेच हवं असतं. भांबुर्ड्याचा पाला, तोंड बंद केलेलं मडकं, आतल्या आत वाफ. म्हणून पोपटीतला बटाटा अप्रतिम लागतो पण तपकिरी कधी होत नाही. ट्रेमध्ये पोपटी करायला गेलात तर दोन्ही हातचं जातं. आमच्या ओटीजीच्या ट्रेमध्ये अर्धा किलोच मावतं. जास्त माणसं असली तर मी दोन घाण्यांत भाजते.

मीठ ट्रे आत सरकवताना लावा. आधी लावून ठेवलं तर फोडींना पाणी सुटतं.

बीट वेगळ्या कोपऱ्यात, फॉइलच्या पट्टीआड, नाहीतर कणगर गुलाबी होते. गाजर लांब आणि बारीक, कणगर मध्यम, रताळं मोठं कापा. रताळ्याची साखर वाढतच जाते. साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात त्याच्यातलं पीठ साखरेत बदलतं, म्हणून चुलीच्या राखेत रात्रभर पुरलेलं रताळं इतकं गोड लागतं. पण त्या साखरेमुळे लहान फोड गाजर शिजायच्या आत करपते. मी गाजर आणि सुरण आधी पंधरा मिनिटं ठेवते, मग रताळी टाकते.

एकूण वेळ २१० अंशांवर ४० मिनिटांच्या आसपास, रिकामा ट्रे आधी तापवून, अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे तेल, निम्म्यात एकदा उलटणं. एअर फ्रायरवाल्यांनी २०० अंश आणि वीस मिनिटांपासून सुरुवात करावी. बाकी सगळे नियम तेच.

पाहुणे दारात आहेत आणि ट्रे पांढराच आहे

असं परवाच झालं. वीज दोनदा गेली, तिसऱ्यांदा आली ती अशी मिणमिणती की ओव्हनच्या दिव्यातून आतलं दिसेना. फोडी शिजल्या होत्या, रंग नव्हता. अशा वेळी ओव्हनशी भांडू नका. बिडाचा तवा गॅसवर मोठ्या आचेवर धूर निघेपर्यंत तापवा, चमचाभर तेल सोडा, फोडी एका थरात पसरा आणि दोन मिनिटं हात लावू नका. हलवलंत की रंग धरत नाही. मग उलथन्याने एकदाच पलटा, आणखी दीड मिनिट. परातीत काढा, सालीचं तेल, लिंबू, जायफळ. सासूबाई माजघरातून डोकावल्या, एक फोड उचलली, दाबली आणि तोंडात टाकली. "मीठ कमी आहे," म्हणाल्या. होतंच कमी.